स्टेरॉइडच्या गोळ्या, पंप, मलम आणि इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर ‘स्टेरॉइड’ म्हणजे कॉर्टिसोलच्या कुळातली औषधं: प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन, डेफ्लाझाकॉर्ट आणि त्यांची भावंडं. औषधाचं नाव न घेता नुसते मिलिग्रॅम लिहिले असतील, तिथे मोठ्या माणसाची प्रेडनिसोलोनची रोजची मात्रा समजावी. इथले आकडे आपल्या डॉक्टरांशी नेमकं बोलता यावं म्हणून दिले आहेत. चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने कमी-जास्त करण्यासाठी ते वापरू नयेत.

जिममध्ये घेतात तेच हे स्टेरॉइड का?

नाही. ती टेस्टोस्टेरॉनसारखी असतात आणि स्नायू वाढवतात. ही कॉर्टिसोलसारखी असतात आणि जास्त दिवस घेतली तर उलट स्नायू झिजवतात. रासायनिक सांगाडा एकच, म्हणून नाव एकच. साम्य तिथेच संपतं.

ही औषधं शरीरात नेमकं काय करतात?

मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज कॉर्टिसोल तयार करतात. औषधातलं स्टेरॉइड त्याचीच नक्कल करतं. ते पेशीत शिरून तिथल्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला चिकटतं. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते आणि कोणती जनुकं कामाला लागावीत, कोणती गप्प बसावीत हे बदलते. दाह (सूज, लाली, वेदना आणणारी शरीराची प्रतिक्रिया) भडकवणारी रसायनं त्यामुळे कमी तयार होतात.

हे रिसेप्टर जवळजवळ प्रत्येक पेशीत आहेत, अडचण तिथेच आहे. सुजलेल्या श्वासनळीत जे हवं असतं तेच हाडात, स्नायूत, त्वचेत आणि यकृतात नको असताना घडतं. ‘साइड इफेक्ट नसलेलं स्टेरॉइड द्या’ ही मागणी म्हणूनच पुरी होत नाही. मात्रा, मुदत, देण्याची जागा आणि थांबवण्याची रीत एवढंच आपल्या हातात असतं.

बहुतेक काम जनुकांमार्फत होत असल्याने शिरेतून दिलं तरी परिणाम दिसायला काही तास जातात. दम्याच्या झटक्यात श्वासनळी मोकळी करणारं औषध आधी लागतं ते यामुळे. स्टेरॉइडही लगेच देतात, पण ते काही तासांनंतरची सोय असते.

माझी ४ मिलिग्रॅमची गोळी बदलून ५ ची दिली. डोस वाढला का?

बहुतेक वाढलेला नाही, गोळी वेगळी आहे. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन = ४ मिथाइलप्रेडनिसोलोन = ६ डेफ्लाझाकॉर्ट = २० हायड्रोकॉर्टिसोन = सुमारे ०.७५ डेक्सामेथासोन. शेवटचा आकडा नीट पाहा. डेक्सामेथासोनची गोळी आकड्याने इवलीशी दिसते, पण तिच्या ४ मिलिग्रॅममध्ये प्रेडनिसोलोनच्या २५ पेक्षा जास्त मिलिग्रॅमची ताकद असते. ‘फक्त अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी आहे’ असं समजून ती महिनोन् महिने घेणारे बरेच असतात.

शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसोल बनवतं ते ढोबळमानाने प्रेडनिसोलोनच्या ४ ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पुढची बहुतेक उत्तरं याच आकड्याभोवती फिरतात.

चार दिवसांत इतकं बरं वाटलं, तरी डॉक्टर डोस कमी करायच्या मागे का लागतात?

ही घाई इतिहासाने शिकवलेली आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉक्टर फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडाल आणि टाडेयुश राइखश्टाइन यांना नोबेल मिळालं. पण तेव्हाच्या मोठ्या मात्रांचे दुष्परिणाम दिसायलाही फार काळ लागला नाही. आजार पुष्कळदा मुळासकट जात नाही, दाह दाबला जातो. म्हणून संधिवातासारख्या लांबणाऱ्या आजारांत मेथोट्रेक्सेटसारखं सावकाश काम करणारं औषध सोबत सुरू करतात आणि ते लागू पडेपर्यंत स्टेरॉइडने वेळ मारून नेतात.

कोणाला, कधी द्यायचं यानेही सगळं बदलतं. २०२० च्या ‘रिकव्हरी’ चाचणीत कोविडच्या रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांना फायदा झाला नाही, उलट आकड्यांचा कल नुकसानीकडे होता. औषध तेच, मात्रा तीच. एका गटात शरीराचाच दाह जीव घेत होता. दुसऱ्या गटात प्रतिकारशक्ती विषाणूशी झुंजत असताना तिला आवरण्यात काही हशील नव्हतं.

किती दिवस घेतलं तर धोका सुरू होतो?

एक तारीख सांगता येत नाही, कारण प्रत्येक परिणामाचं घड्याळ निराळं आहे. साखर, झोप, भूक आणि मूड पहिल्या एक-दोन दिवसांतच बदलू शकतात. ग्रंथी मंदावण्याचा प्रश्न साधारण ३ ते ४ आठवड्यांनंतर येतो. हाडांची झीज पहिल्या ३ ते ६ महिन्यांत सर्वांत वेगाने होते. मोतीबिंदूला सहसा महिने-वर्षं लागतात. दम्याच्या झटक्यासाठी ४० मिलिग्रॅम, ५ ते ७ दिवस असा छोटा कोर्स एकदा घेतल्याने बहुतेकांचं कायमचं काही बिघडत नाही. मात्र वर्षातून असे चार-पाच कोर्स होत असतील तर ते सगळे एकत्र मोजा, आणि मूळ आजाराचे उपचार तोकडे पडत आहेत असं समजा.

गोळी सकाळीच, खाऊनच का?

शरीरातलं कॉर्टिसोल पहाटे चढतं, सकाळी उच्चांकावर असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. सकाळी ८ च्या सुमारास घेतलेली गोळी या चढउतारात मिसळून जाते. तीच रात्री घेतली तर मेंदूला ‘कॉर्टिसोल भरपूर आहे’ असा निरोप नेमक्या चुकीच्या वेळी मिळतो. पहाटेचं उत्पादन जास्त दबतं आणि झोपही उडते. खाऊन घेतल्याने पोटात कमी टोचतं, एवढंच.

सकाळी विसरलात तर त्याच दिवशी आठवताच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर नेहमीचीच मात्रा घ्या, दुप्पट नको.

चेहरा गोल झाला, वजन वाढलं. हे परत जाईल का?

चेहरा बहुतेकांचा परत जातो, पण मात्रा बरीच खाली आल्यावर, काही महिन्यांत. इथे तीन गोष्टी एकत्र घडतात. भूक खरोखर वाढते. चरबीची जागा बदलते, म्हणजे हातापायांवरून ती चेहरा, मानेमागचा भाग आणि पोट इथे जाते. शिवाय मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, मिठामागे पाणी येतं, त्यातून घोट्यावर सूज आणि रक्तदाब. म्हणून मीठ कमी करायचं. ताणाच्या जांभळट रेषा फिक्या होतात, पण पूर्ण पुसल्या जात नाहीत.

उपाशीपोटीची साखर नॉर्मल आहे, मग मधुमेह नाही ना?

हा निष्कर्ष हमखास चुकतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनचा साखरेवरचा जोर ४ ते ८ तासांनी सर्वाधिक असतो आणि रात्रीत ओसरतो. त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा छान येतो आणि दुपारच्या जेवणानंतरचा २५० पार गेलेला असतो. तपासणी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी करा. आधीपासून इन्सुलिन घेणाऱ्यांनी फक्त रात्रीचा डोस वाढवला तर पहाटे साखर घसरण्याची भीती असते. वाढ दिवसाच्या डोसमध्ये लागते. आणि स्टेरॉइड उतरवताना इन्सुलिनही त्याच्यासोबत उतरवावं लागतं. हे पुष्कळदा राहून जातं.

हाडांसाठी नुसतं कॅल्शियम पुरेल का?

नेहमी नाही. स्टेरॉइड हाड बांधणाऱ्या पेशी मारतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषू देतं आणि लघवीवाटे जास्त घालवतं. पहिला मार मणक्यांसारख्या आतून जाळीदार असलेल्या हाडांवर बसतो. मणका काही वेळा न पडता, न आपटता चेपतो आणि उंची कमी झाल्यावरच लक्षात येतं. रोज २.५ मिलिग्रॅम किंवा जास्त, तीन महिने किंवा जास्त चालणार असेल तर:

कॅल्शियम अन्न धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, ड जीवनसत्त्व ६०० ते ८०० युनिट, आणि पहिल्या सहा महिन्यांत हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी. धोका जास्त असेल तर अॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी, ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. ती सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. आडवं झालं तर ती अन्ननलिका पोळते. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तर अॅलेन्ड्रोनेट शोषलंच जात नाही.

जांघेत दुखायला लागलं, लंगडावं लागलं, तर नुसत्या एक्स-रेवर समाधान मानू नका. खुब्याच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा प्रकार सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो.

खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. अशक्तपणा आहे का?

मांड्या आणि खांदे यांच्या स्नायूंची झीज असू शकते. ती सहसा दुखत नाही आणि रक्तातला सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी तपासणी) नॉर्मल असतो, म्हणून ‘सगळे रिपोर्ट चांगले आहेत’ असं ऐकायला मिळतं. डेक्सामेथासोनने ती जास्त होते. उपाय दोन: मात्रा उतरवणं आणि पायांचे व्यायाम. टॉनिकने काही होत नाही.

डोळ्यांची तपासणी कशाला? मला तर स्पष्ट दिसतं.

स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि तो सुरुवातीला दिसण्यात काहीच फरक करत नाही. दाब मोजल्याशिवाय तो कळत नाही. स्टेरॉइडचे डोळ्यांत घालायचे थेंब यात सर्वांत पुढे असतात. खाज थांबते म्हणून जुनी बाटली पुन्हा पुन्हा आणून वापरणं टाळा.

स्वभावच बदलला आहे, चिडचिड, झोप नाही. औषधामुळे?

असू शकतं, आणि ते मात्रेशी बांधलेलं असतं. बोस्टनच्या औषध-निरीक्षण प्रकल्पाने १९७२ मध्ये प्रेडनिसोन घेणाऱ्या रुग्णांचे आकडे दिले होते: रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत १.३ टक्के रुग्णांना मानसिक त्रास, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. सुरुवातीला बऱ्याचदा उगाचच उत्साह वाटतो, झोप न होताही ताजंतवानं वाटतं, आणि रुग्ण स्वतः तक्रार करत नाही. भ्रम, संशय किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. हे घरच्यांनी करायचं काम आहे.

जंतुसंसर्ग आणि लसी?

ताप हा दाहाचाच भाग असल्यामुळे स्टेरॉइड त्याला झाकतं. पोटात आतडं फुटलं तरी पोट म्हणावं तसं दुखत नाही, असंही होतं. उलट रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू नसतानाही वाढतात, कारण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात. दोन्ही बाजूंनी दिशाभूल. तेव्हा तपासणाऱ्याला ‘मी स्टेरॉइडवर आहे’ हे आधी सांगा.

१५ मिलिग्रॅम किंवा जास्त महिनाभर चाललं तर सुप्त क्षयरोग जागा होण्याची शक्यता वाढते. नागीणही जास्त होते. २० मिलिग्रॅम किंवा जास्त, १४ दिवस किंवा जास्त चालू असेल तर जिवंत विषाणूंच्या लसी (गोवर, कांजिण्या, पीतज्वर) घेऊ नयेत. बंद केल्यावरही महिनाभर थांबतात. फ्लू आणि न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू) यांच्या, जिवंत जंतू नसलेल्या लसी चालतात.

सोबत ॲसिडिटीची गोळी हवीच का?

प्रत्येकाला नाही. एकट्या स्टेरॉइडने जठरात अल्सर होण्याचा धोका फार वाढत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं सोबत घेतली की तो कित्येक पटींनी वाढतो. हे दोन एकत्र घ्यावेच लागत असतील तर संरक्षण हवं. घरी सांधेदुखीला काय घेता तेही डॉक्टरांना सांगा.

एकदम बंद केलं तर काय होतं?

बाहेरून मात्रा येत राहिली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ॲड्रिनलला आदेश देणं थांबवते. काम नसलेली ॲड्रिनल आक्रसते. गोळी अचानक थांबवली तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही अशी अवस्था येते. गळून गेल्यासारखं वाटतं, उमासे-उलट्या होतात, उभं राहताच चक्कर येते, सोडियम आणि साखर उतरते, रक्तदाब कोसळतो. यातून जीव जाऊ शकतो. पोटाचा विकार समजून फक्त उलटीचं औषध देणं ही यातली नेहमीची चूक.

तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त घेतलं असेल तर उतरण पायऱ्यापायऱ्यांनी करतात. साधारण रीत अशी: ४० च्या वर असताना आठवड्याला ५ ते १० मिलिग्रॅम, २० ते ४० मध्ये आठवड्याला सुमारे ५, १० ते २० मध्ये दर एक ते चार आठवड्यांना १ ते २.५, आणि त्याखाली एकेक मिलिग्रॅम, दर पायरीला चार आठवड्यांपर्यंत थांबून. वरच्या टप्प्यात आजार उसळतो का हे बघायचं असतं. ५ च्या आसपास ग्रंथी जागी झाली का हे बघायचं असतं, म्हणून शेवट सर्वांत संथ. आता थोडंच राहिलं म्हणून बरेच जण नेमका इथेच धीर सोडतात.

शंका असेल तर आदली गोळी घेऊन २४ तास उलटल्यावर सकाळी ८ ते ९ दरम्यान कॉर्टिसोल तपासतात. १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरली, ५ च्या खाली असेल तर गोळी चालू ठेवायची. मधलं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा. काहींना पूर्ण सावरायला वर्ष लागतं.

उतरताना अंग दुखणं, निरुत्साह, सांधे आखडणं हे आकडे ठीक असतानाही होतं. शरीराला जादा मात्रेची सवय झालेली असते. आजार परतला की ही नुसती सवय तुटते आहे, हे सीआरपीसारख्या, दाह मोजणाऱ्या रक्ततपासण्यांवरून बरंचसं कळतं.

मध्येच ताप आला, उलट्या लागल्या किंवा ऑपरेशन ठरलं तर?

निरोगी ॲड्रिनल अशा वेळी कॉर्टिसोल कित्येक पट वाढवते. तुमची वाढवू शकत नाही, म्हणून गोळीने ते करावं लागतं. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर असेल तर हायड्रोकॉर्टिसोन घेणारे सहसा मात्रा दुप्पट करतात. प्रेडनिसोलोन ५ वर असलेले ५-५ दोन वेळा घेतात. १० च्या वर असलेल्यांना बहुधा वाढ लागत नाही, तीच मात्रा दोन भागांत घेतात. ताप उतरल्यावर एक-दोन दिवसांत मूळ मात्रेवर परत. आपल्यासाठीचा आराखडा डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या.

गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासात उलटी झाली तर पुन्हा घ्या. तीही उलटली तर वाट पाहू नका. हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं, म्हणजे रुग्णालय. दात काढणं असो की मोठं ऑपरेशन, भूलतज्ज्ञाला किंवा दंतवैद्याला सांगा. गेल्या वर्षभरात बंद केलं असलं तरीही सांगा. पाकिटात ‘स्टेरॉइडवर आहे, अचानक थांबवू नये’ असं मात्रेसह लिहिलेलं कार्ड ठेवा.

दम्याच्या पंपातही स्टेरॉइड असतं. मग तोही बंद करू का?

पंपाची भीती सर्वांत जास्त आणि सर्वांत अनाठायी. पंपाच्या एका दाबात १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम असतात. ५ मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम. घाबरून पंप सोडणारेच पुढे झटका येऊन गोळ्यांवर जातात.

त्रास होतो तो बहुतांशी तोंड आणि घशापुरता: पांढरा थर, बसलेला आवाज. कारण औषध फुप्फुसात जाण्याऐवजी घशात आदळतं. पंप हलवा, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावा, श्वास पूर्ण सोडा, एक दाब देऊन सावकाश खोल ओढा, १० सेकंद रोखा. मग चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंका, गिळू नका. मुलांच्या उंचीबद्दल विचारणा होते. ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉइडवर वर्षानुवर्षं असलेल्या मुलांच्या एका दीर्घ अभ्यासात प्रौढपणीच्या उंचीत सरासरी सुमारे १.२ सेंटिमीटरचा फरक आढळला. अनियंत्रित दम्याचं पारडं याहून जड आहे.

मलम तर वरवरचं. त्याने काय होणार?

पुष्कळ काही. त्वचा सगळीकडे सारखी जाड नसते. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं हायड्रोकॉर्टिसोन शोषलं जातं त्याच्या सुमारे ६ पट कपाळातून, १३ पट जबड्याजवळच्या त्वचेतून आणि ४२ पट अंडकोशाच्या त्वचेतून जातं. म्हणून हातावर चाललेलं मलम चेहऱ्यावर किंवा जांघेत लावायचं नसतं. क्लोबेटासोल हे सर्वांत जहाल गटातलं: सलग दोन आठवडे, आठवड्याला ५० ग्रॅम, याच्या पुढे नाही.

मोजायचं कसं? ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ओढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

गजकर्णावर स्टेरॉइडचं मलम लावलं की खाज दोन दिवसांत जाते आणि बुरशी खुशाल पसरते. कडा पुसट होतात, ओळखणं अवघड होतं. चेहरा उजळावा म्हणून लावलं तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, आणि थांबवताच आग होऊन पुरळ उठतं. लोक ते शमवायला पुन्हा तेच लावतात.

गुडघ्यातलं इंजेक्शन किती वेळा?

एकाच सांध्यात तीन महिन्यांच्या आत पुन्हा नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघ्याच्या झिजेच्या १४० रुग्णांना दर १२ आठवड्यांना, दोन वर्षं, ट्रायमसिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा नुसतं सलाइन टोचलं. वेदनेत लक्षणीय फरक नव्हता आणि स्टेरॉइडच्या गटात कूर्चा जास्त झिजली. प्रवासाआधी, सूज असताना एखादं इंजेक्शन ठीक. ठरावीक हप्त्यासारखं घेऊ नये. मधुमेहींची साखर नंतर काही दिवस चढते. पहिल्या एक-दोन दिवसांत दुखणं वाढू शकतं, पण ताप आला किंवा दुखणं वाढतच गेलं तर सांध्यात पू नाही ना हे तातडीने पाहावं लागतं.

गरोदरपणात?

प्रेडनिसोलोनचा बहुतेक भाग नाळेतलं एक विकर (एन्झाइम) निष्प्रभ करतं, त्यामुळे आईच्या आजारासाठी तेच निवडतात. डेक्सामेथासोन आणि बीटामेथासोन नाळ ओलांडतात. मुदतपूर्व प्रसूतीची भीती असते तेव्हा याच गुणाचा उपयोग करतात: बीटामेथासोन १२ मिलिग्रॅम, २४ तासांच्या अंतराने दोनदा, म्हणजे बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. लिगिन्स आणि हॉवी यांनी हे १९७२ मध्ये दाखवलं.

कोणती औषधं यात गडबड करतात?

क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन, फिट्सवरची फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन यकृताला वेग देतात आणि स्टेरॉइड लवकर संपवतात. मग ‘डोस लागू पडत नाही’. बुरशीवरचं इट्राकोनाझोल, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, एचआयव्हीवरचं रिटोनाविर उलट करतात. रिटोनाविरसोबत तर फ्लुटिकासोन या स्टेरॉइडच्या नाकातल्या फवाऱ्यानेही चेहरा गोल झालेले रुग्ण आहेत.

मी स्टेरॉइड घेतच नाही, तरी ही सगळी लक्षणं आहेत. कसं?

सांधेदुखी, दमा किंवा त्वचेसाठी घेतलेल्या, घटक न लिहिलेल्या पुड्या आणि गोळ्या आधी तपासा. दोन दिवसांत जादूसारखा गुण आणि थांबवताच दुप्पट त्रास असेल तर आत बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं आहे. सकाळचं कॉर्टिसोल अगदी कमी आणि चेहरा मात्र जास्त कॉर्टिसोल असल्यासारखा गोल, ही विसंगती डेक्सामेथासोनसारखं बाहेरचं स्टेरॉइड उघडं पाडते. ते शरीरात काम करतं, पण कॉर्टिसोलच्या तपासणीत फारसं मोजलं जात नाही. अशी पुडी सापडली तर फेकून देऊन मोकळं होऊ नका. ती सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. आधी तेवढ्याच ताकदीचं नाव-गाव असलेलं स्टेरॉइड सुरू करून मगच पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावं लागतं.